कीड न लागलेली पानं

"आजोबा, हे झोपलेत का, बघा ना."

भिंगरीने काचेची बरणी आजोबांच्या नाकापर्यंत आणली. आजोबा दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून कामाचे बूट चढवत होते. एक बूट पायात, एक हातात. त्यांनी बरणी घेतली आणि जिन्याच्या खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी पाच सुरवंट पडले होते. काल संध्याकाळपर्यंत हिरवेगार, गुबगुबीत होते. आता पोटातून मुरगळल्यासारखे वाकडे झाले होते आणि तोंडाजवळ काळसर ओल सुटली होती. असे सुरवंट आजोबांनी आयुष्यात इतके पाहिले होते की दुसऱ्यांदा बघायची गरजच नव्हती. असे दिसले की ते मुकादमाला जाऊन सांगायचे, काम झालं.

"झोपलेत," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं खरं, पण या पोरीपुढे थापा फार वेळ टिकत नाहीत, हा अनुभव होता.

"मेलेत गं."

"सगळे?"

"सगळे."

"का?"

"ऊन लागलं असेल."

भिंगरीने खिडकीकडे पाहिलं, मग बरणीकडे. "पण बरणी तर आत होती. बाळाच्या पाळण्याशेजारी. तिथं ऊन येतच नाही."

"मग उकडलं असेल. संध्याकाळी आलो की बघू," असं म्हणत आजोबांनी दुसरा बूट पायात कोंबला आणि नाडी न बांधताच जिना उतरले.

एका मोठ्या कार्यालयाच्या आवारातली बाग, तिथल्या फवारणीचं काम त्यांच्याकडे होतं. पाठीवर पंप, तोंडाला फडकं, हातात नळी. उभा जन्म त्यात गेला. तिथं त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, सगळे 'पंपवाले' म्हणत. कीड त्यांना दिसायची ती दुकानदाराला गिऱ्हाईक दिसावं तशी: आलं कधी, जाणार कधी. तिला तोंड कुठे असतं, पाय किती, ती दिवसभर करते काय, या चौकशीत ते कधी पडले नव्हते. पडले असते तर पंप खाली ठेवावा लागला असता, आणि पंप खाली ठेवून घर चालत नाही.

ती चौकशी त्यांना करायला लावली भिंगरीने. धाकटा भाऊ दिवस भरायच्या आधीच जन्माला आला. आधी आई दवाखान्यात अडकली आणि मग घरी येऊनही बाळातच अडकली. बाप कामावर. राहिले आजोबा. पोर पाच मिनिटं एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तर तिला सगळे भिंगरी म्हणत. आजोबांना गोष्टी येत नव्हत्या, गाणी तर नाहीच. मग ते तिला गल्लीत फिरायला न्यायचे. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "या मुंग्या कुठं चालल्यात?" आजोबांना काय ठाऊक? ते पाय मोकळे करायला आले होते. पिच्छा सोडवायला म्हणून ते म्हणाले, "मला काय विचारतेस? त्यांनाच विचार की."

पोरीने ते मनावर घेतलं. फुटपाथवर पालथी पडून तिने मुंग्यांच्या वाटेत आधी पावाचा कण ठेवला, मग काडी आडवी टाकली, मग पाण्याचा ओघळ सोडला आणि कोणत्या वाटेने वळसा घालतात ते बघत राहिली. फ्रॉकची पार रया गेली. घरी आल्यावर सूनबाईने दोघांनाही फैलावर घेतलं. पण त्या दिवसापासून तो नियमच होऊन बसला. काही अडलं की त्यालाच विचारायचं. हात लावायचा, पालथं करायचं, वास घ्यायचा. "चावलं तर चावतं हे कळेल," आजोबा म्हणायचे. गांडूळ हातावर कसं सरकतं, गोगलगाय कितीदा डिवचली तर बाहेर यायची थांबते, हे आजोबांनाही त्या वयात पहिल्यांदाच कळत होतं. सबंध दिवस त्यांचं अर्धं लक्ष संध्याकाळकडे असायचं.

सुरवंट सापडले ते इस्त्रीवाल्याच्या टपरीबाहेर. त्याने पत्र्याच्या डब्यात लिंबाचं रोप लावलं होतं. त्याच्या पानांवर पाखरांनी घाण केल्यासारखे ठिपके होते. भिंगरीने त्यातल्या एका ठिपक्याला बोट लावलं तर ठिपका चालायला लागला. आणखी डिवचला तर त्याच्या डोक्यातून केशरी रंगाची दोन शिंगं बाहेर आली आणि लिंबासारखा उग्र वास सुटला. भिंगरी किंचाळली, आणि तिच्या मागोमाग आजोबाही. हजारो मारले असतील त्यांनी, पण शिंगं कधी दिसली नव्हती. फवारा मारणारा माणूस वाट बघत थांबत नाही ना.

पाच सुरवंट बरणीत घालून घरी आणले. कात टाकून ते ठिपक्यांचे हिरवेगार झाले. हे प्राणी म्हणजे नुसतं पोटाला तोंड. चार दिवसांत इस्त्रीवाला वैतागला. "तुमच्या नातीचं खूळ पुरवायला माझं रोप बोडकं करताय होय?" मग आजोबा कामावरून येताना पानं आणू लागले.

आता सूनबाईचं सांगायला हवं. बाई वाईट नव्हती. पण बाळाची फुप्फुसं कच्ची होती. धूर, धूळ, फवारणीची औषधं यांपासून त्याला जपा, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा घरातल्या सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं होतं. तेव्हापासून कामाचे कपडे जिन्यातच पिशवीत बांधायचे, आंघोळ केल्याशिवाय आत यायचं नाही आणि बाळाला हात लावायचा नाही. आतल्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरूनच बघायचं. "राग मानू नका, बाबा," ती म्हणाली होती. "पण त्या औषधाचा थेंब जरी या घरात आला, तर आपलं एका घरात जमायचं नाही. आत्ताच सांगून ठेवते." आजोबांनी राग मानला नाही. नातवाला अजून मांडीवर घेतलं नव्हतं, ते आत कुठेतरी दुखायचं. पण भिंगरी होती. भिंगरीवर भागत होतं.

सुरवंट मेले त्या दिवशी कामावर गेल्यावर आजोबांनी पंप उचललाच नाही. ते सरळ मागच्या भिंतीशी असलेल्या लिंबाच्या झाडाकडे गेले. पानं आणताना त्यांनी कमी काळजी घेतली होती असं नाही. ज्या ज्या झाडावर आपला पंप चालला होता ती सगळी त्यांनी सोडली होती. हे एकच झाड होतं ज्यावर त्यांनी औंदा फवारा मारला नव्हता. आणि पान काय सुंदर! एका पानाला छिद्र नाही, डाग नाही, कड कुरतडलेली नाही. प्रत्येक पान त्यांनी ओल्या फडक्याने पुसून डब्यातून घरी नेलं होतं. नातीला द्यायचं तर नंबर एकचंच द्यायचं.

"काय हरवलंय, पंपवाले?" माळीणबाईंनी विचारलं. त्या शेजारच्या वाफ्यात तण काढत होत्या.

"या लिंबावर औषध कुणी मारलं?"

"कुणी नाही. मारायला कशाला लागतंय?" बाई खुरपं झटकत म्हणाल्या. "मागं तुम्हीच नाही का बुडाशी आळं करून ओतलंत? मुळातनं पानापानांत चढतं, धुतलं तरी जात नाही, महिनोन्‌महिने कीड फिरकत नाही, असं वर मलाच ऐकवत होतात. विसरलात?"

विसरले होते. फवारा त्यांच्या लक्षात राहायचा, कारण त्याने खांदे दुखायचे. बादलीभर पाणी बुडाशी ओतणं हे काम म्हणून त्यांच्या मनात नोंदलंच गेलं नव्हतं. आणि विसरले तर विसरले, पण झाड समोर होतं की! सगळ्या आवारात एकाच झाडाचं एकही पान कुणी खाल्लेलं नाही, तर का नाही, हा प्रश्न भिंगरीने पहिल्या मिनिटाला विचारला असता. जे पान कुणीच खात नाही ते माझ्या सुरवंटांनी का खावं, असं ती म्हणाली असती. आजोबांच्या डोळ्यांना मात्र जन्मभर उलटं वळण लागलेलं. बिनछिद्राचं पान दिसलं की त्यांना बरं वाटायचं.

संध्याकाळी सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं. पण जिन्यात कपडे बदलता बदलता त्यांना पाळणा आठवला. बाळालाही सुरवंट दिसावेत म्हणून भिंगरीने बरणी पाळण्याशेजारच्या कोनाड्यात ठेवली होती. "ठेवू का?" असं तिने त्यांनाच विचारलं होतं आणि "ठेव की," असं तेच म्हणाले होते. पानातलं विष उडून पाळण्यात जात नाही, हे त्यांना कळत होतं. सूनबाईला ते कोण पटवणार? एकदा बोलले की संध्याकाळ गेली, गल्ली गेली, भिंगरी गेली. आजोबांनी बरणी घासून पुसून माळ्यावर टाकली आणि गप्प बसले. आपलेच दात, आपलेच ओठ.

भिंगरी गप्प बसली नाही. तिला कुणीतरी शिकवून ठेवलं होतं ना, त्यालाच विचार म्हणून. तिने आईकडून रिकामी बाटली मागून घेतली, ती कोनाड्यात ठेवली आणि दुपारभर तिला हात लावून लावून पाहिला. तापली नाही. म्हणजे उकडलं नव्हतं. पानं अर्धी खाल्लेली होती, म्हणजे उपाशी मेले नव्हते. मग ती इस्त्रीवाल्याकडे गेली. त्याच्या रोपावर वरच्या फांदीला, जिथं तिचा हात पुरत नव्हता तिथं, तीन सुरवंट होते. रणरणत्या उन्हात मजेत चरत होते. ते बघून ती बराच वेळ तिथंच उभी राहिली. त्यानंतर तिने आजोबांना सुरवंटांबद्दल काहीच विचारलं नाही. आजोबांना वाटलं, विसरली. मुलांचं असंच असतं. वाटलं म्हणजे काय, त्यांनी तसं वाटून घेतलं.

रविवारी सकाळी दोघं फिरायला निघाली. भिंतीच्या ओलाव्यात चांगली अंगठ्याएवढी गोगलगाय चालली होती. एरवी भिंगरी झेप घेती. आज ती दोन पावलं मागे सरली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"अगं, बघ की हात लावून. शिंगं आत घेते का ते."

"नको."

"घाबरलीस?"

"मी नाही. ती मरेल."

"कशानं मरेल?"

भिंगरीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढंही कळत नाही का. "वरच्या फांदीवरचे मेले नाहीत. त्यांना ऊन पण लागतं. ते पण लिंबाचंच पान खातात. फक्त त्यांना मी हात लावला नव्हता. बरणीतल्यांना रोज लावायची." तिने पाठीमागचे हात आणखी घट्ट धरले. "माझ्या हातांनी मरतात, आजोबा."

हिशोब चोख होता. त्यात बोट ठेवायला कुठे जागा नव्हती. कमी होती ती एकच गोष्ट, आणि ती आजोबांच्या तोंडात अडकलेली होती.

"तसं नसतं गं," ते म्हणाले.

"मग कशानं मेले?"

"मरतात. लहान जीव असतो."

"बाळ पण लहान आहे," भिंगरी म्हणाली.

आजोबा भिंतीला टेकले. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की गेले काही दिवस पोर बाळाजवळ उभी राहते, वाकून बघते, गाल फुगवून त्याला हसवते, पण हात लावत नाही. पूर्वी संध्याकाळी घरी आलं की आधी त्याच्या मुठीत बोट घालायची. सांगावं, आत्ताच सांगावं, असं त्यांना वाटलं. जिभेवर आलंही. पण ते "चल, ऊन झालं," एवढंच म्हणाले, आणि स्वतःचा इतका राग त्यांना पूर्वी कधीच आला नव्हता.

दुपारी सूनबाईने बाळाला पलंगावर पालथं घातलं. नुकताच वळायला लागला होता. दुपटं दोरीवर राहिलं म्हणून ते आणायला ती बाहेर वळली. "भिंगरे, बघ गं त्याच्याकडे." आजोबा नेहमीच्या जागी, उंबऱ्याबाहेर, पाटावर बसले होते. त्यांचा मुलगा बाहेरच्या खोलीत पंखा दुरुस्त करत होता. बाळाने एक लोळण घेतली, मग आणखी एक, आणि कडेला आलं. भिंगरी हातभर अंतरावर उभी होती.

"आई! आई! आई गं!" ती जीव खाऊन ओरडत होती. हात मात्र तिने पाठीमागे एकमेकांत गच्च अडकवले होते.

आजोबा उठले तोवर बाळ खाली गेलं. खाली गोधड्यांची घडी होती, म्हणून निभावलं. नुसतं दचकून त्याने टाहो फोडला. सूनबाई धावत आली, बाळाला उचलून तिने डोकं चाचपलं, हातपाय चाचपले आणि मग वळून भिंगरीच्या गालावर एक ठेवून दिली.

"हात मोडले होते का तुझे? शेजारी उभी राहून बघत होतीस! भाऊ नकोसा झालाय हिला, मी म्हणतच होते!"

भिंगरीच्या गालावर चार बोटं उमटली. तिने गाल धरायलाही हात पुढे आणले नाहीत.

"मारू नकोस तिला," आजोबा म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "तिला वाटतंय, तिचा हात लागला की लहान जीव मरतात. ते सुरवंट मेले ना, तेव्हापासून. आणि मला ते का मेले हे माहीत होतं."

"बाबा, काय बोलताय?" मुलगा पेचकस हातात घेऊन दारात आला.

आजोबा उंबऱ्याबाहेरच खाली बसले, म्हणजे भिंगरीचं तोंड समोर आलं. "तुझ्या हातांनी नाही मेले. पानांनी मेले. पानं मी आणली होती. त्या झाडाच्या मुळाशी मीच विष ओतलं होतं, आणि विसरलो होतो."

भिंगरीने विचार केला. "मग तुम्हाला आठवलं कधी?"

"मेले त्याच दिवशी."

"तुम्ही म्हणालात, ऊन लागलं."

"खोटं बोललो."

"सकाळी पण?"

"सकाळी पण."

सूनबाई पलंगावर बसली. तिने भिंगरीला जवळ ओढलं, लाल झालेल्या गालावरून हात फिरवला आणि तिच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आजोबांना वाटलं होतं, आता भांडण होईल. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

"बरणी पाळण्याशेजारी होती," ती म्हणाली.

"हो."

"आणि इतके दिवस तुम्ही गप्प राहिलात."

"हो."

ती बाळाच्या मुठी उलगडून बघायला लागली, डोळे बघायला लागली, छातीला कान लावून श्वास ऐकायला लागली. पानातलं विष असं हवेतून लागत नाही, बाळाला काही होणार नाही, हे आजोबांना सांगता आलं असतं. पण त्यांचा शब्द आता कोण धरणार होतं? त्यांनी स्वतःसुद्धा धरला नसता.

"बाबा," मुलगा म्हणाला. तो पेचकसाकडे बघत होता. "थोडे दिवस ताईकडे जाऊन राहता का? हिचं मन जरा थाऱ्यावर येईपर्यंत."

"जातो की," आजोबा म्हणाले. थोरल्या लेकीचं गाव लांब होतं, म्हणजे कामही सुटलं. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. उगाच त्याच्या जिवाला घोर.

कपडे फार नव्हते. पिशवी भरून झाल्यावर ते आतल्या खोलीपाशी आले. सूनबाई स्वयंपाकघरात होती. भिंगरी मोरीत उभी राहून साबणाने हात धूत होती, कोपरापर्यंत, दोनदा. मग फ्रॉकला पुसत ती पलंगाशी गेली. तिने एक बोट हळूच बाळाच्या तळव्यावर ठेवलं आणि झटकन मागे घेतलं. वाट पाहिली. बाळ पाय झाडत होतं. तिने पुन्हा बोट ठेवलं. बाळाने ते मुठीत धरलं. भिंगरी श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग इतक्या दिवसांनी पहिल्यांदा खुदकन हसली.

तिची नजर वर गेली. आजोबा चौकटीला हात लावून उभे होते. त्या हाताकडे तिने नीट निरखून पाहिलं, जसं ती कुठल्याही नव्या गोष्टीकडे बघायची. बोट सोडवून घेऊन ती उंबऱ्याशी आली, पण अलीकडेच थांबली.

"आजोबा, हात तिथं नका ठेवू."

आजोबांनी हात काढला. आता तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

"असे मागे धरायचे," भिंगरीने वळून दाखवलं. तिच्या आवाजात राग नव्हता, मायाच होती. "एका हाताने दुसरा धरायचा. घट्ट. म्हणजे चुकून पण लागत नाही. आधी नाकाला खूप खाज सुटते. मग सवय होते."

"असे?"

"हां. आता बघा इथूनच."

ती बाळाकडे पळाली. आजोबा हात मागे धरून उंबऱ्याबाहेर उभे राहिले. पिशवी घेऊन मुलगा जिन्यातून हाक मारत होता. नाकाला खरोखरच खाज सुटली होती. आजोबांनी हात सोडले नाहीत.